मांगरातला टिलर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणी लोणची-पापडांवर बोलते, कोणी मुलांच्या आजारांवर बोलते. यंदा चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तुमच्या पॉवर टिलरविषयी सांगा." मला आधी वाटले, त्या थट्टा करीत आहेत. मी सातवी शिकलेली बाई. भाषण करण्याची मला सवय नाही. पण गेली काही वर्षे माझ्या हाताला तव्याच्या काजळीबरोबर इंजिनाचे काळे तेलही लागते, ही गोष्ट वाडीत सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा जे हाताने केले तेवढेच सांगते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमचा टिलर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, १९८८ साली घेतला. त्याआधी घरी बैलांचे जोत होते. ते विकून आणि वर कर्ज काढून त्यांनी हे दोन चाकांचे यंत्र आणले. बारा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, मागे फिरत्या पात्यांचा रोटरी, आणि दोन लांब मुठी धरून मागून चालायचे. कोकणातले कुणगे लहान, बांध उंच, वाटा अरुंद. मोठा ट्रॅक्टर तेथे वळायचा कसा? अशा जागी हेच यंत्र उपयोगी पडते.

फिरत्या पात्यांनी जमीन फोडण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलियात ए. सी. हॉवर्ड नावाच्या तरुणाने १९१२ साली वडिलांच्या शेतावर केले, असे माझ्या मुलाने मला वाचून दाखविले. पुढे जपानातल्या लहान लहान भातखाचरांत असली हातमुठीची यंत्रे पुष्कळ पसरली. आपल्या देशात बंगळूरला १९६७ साली जपानी कंपनीच्या सहकार्याने टिलरचा कारखाना निघाला, आणि केरळ सरकारनेही १९७३ साली याच कामासाठी आपले महामंडळ काढले. म्हणजे भातशेती जेथे, तेथे हे यंत्र, असा त्याचा प्रवास आहे.

मामंजी त्या टिलरला बैलासारखेच वागवीत. संध्याकाळी काम संपले की आधी त्याला व्हाळावर धुवायचे, चिंधीने पुसायचे, आणि मगच स्वतः आंघोळीला जायचे. त्यांची एक शंभर पानी वही होती. तेल कधी बदलले, पट्टा कधी घातला, कोणता बोल्ट सैल निघाला, सगळे त्यात पेन्सिलीने लिहिलेले. आम्ही सुना त्या वहीला हसत असू. २०१३ साली मामंजी गेले. माझे यजमान नोकरीसाठी पणजीला, मुलगा लहान. टिलर मांगरात गेला आणि सहा वर्षे तेथेच राहिला. त्याच्यावर शेणी रचल्या, मग जुनी जाळी टाकली, मग कोंबड्या बसू लागल्या.

त्या सहा वर्षांत आम्ही भाड्याने टिलर आणून शेती करीत होतो. २०१९ च्या आषाढात भाड्याचा टिलर आज येतो, उद्या येतो, असे करीत अठरा दिवस आला नाही. त्याचाही दोष नव्हता. एक यंत्र आणि बोलावणारी घरे चाळीस. पण आमचा तरवा जून झाला. एकवीस-पंचवीस दिवसांत लावायचे रोप आम्ही चाळिसाव्या दिवशी लावले. पीक निम्म्यावर आले. खालचे तीन कुणगे तर पडच राहिले. दिवाळीत घरात विषय निघाला की पुढच्या वर्षी सगळीच जमीन पड टाकावी, आणि टिलर भंगारात द्यावा. भंगारवाला येऊन आठ हजार रुपये सांगून गेला.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "त्यांचा जोत विकून आणलेला हा, आता हो पण विकतात." त्या रात्री मी वही काढून वाचली. मला इतकेच कळले की पंचवीस वर्षांत यंत्र एकदाही मोठे बिघडले नव्हते. ज्या वर्षापासून वहीत लिहिणे थांबले, त्याच वर्षापासून ते बंद होते.

दुसऱ्या दिवशी मी यजमानांना म्हटले, "आठ हजार मिळतील, ते पुरणार किती दिवस? आधी मिस्त्रींना दाखवू या." पलीकडच्या तालुक्यातले एक वयस्क मिस्त्री मामंजींच्या ओळखीचे होते. ते आले, टिलरभोवती एक फेरी घातली आणि म्हणाले, "दुरुस्त होईल, पण रोज तेल-पाणी कोण बघणार? बघणारा नसेल तर माझी मजुरी फुकट घालवू नका." मी म्हटले, "मी बघेन." ते हसले नाहीत, एवढे मला आठवते. म्हणाले, "मग पाने द्यायला बसा जवळ."

तो सबंध हिवाळा मी पाने द्यायला बसले. काय काय निघाले ते ऐका. हवेच्या फिल्टरात उंदराचे घरटे होते, त्यात माझ्याच जुन्या साडीचे तुकडे. धुराड्याच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचा गिलावा करून टाकला होता. टाकीतले जुने डिझेल गुळाच्या पाकासारखे तांबूस झाले होते. इंजिन हँडलने हलेचना. मला वाटले, संपले. मिस्त्रींनी वरचे नोझल काढले, आत थोडे तेल आणि डिझेल सोडले, आणि आठ दिवस हात लावायचा नाही म्हणून सांगितले. आठ दिवसांनी मोठे चाक हळूहळू मागे-पुढे केले तेव्हा आतला दट्ट्या सुटला. घाई करून हातोडी मारली असती तर कायमचे गेले असते.

रोटरीच्या पेटीतले तेल उघडले तर ताकासारखे पांढरे. हे ध्यानात ठेवा, भगिनींनो. तेल दुधाळ दिसले की आत पाणी शिरले आहे. चिखलणीत पाती पाण्याखाली फिरतात, आणि दांड्याला असलेले रबराचे सील झिजले की तेथून चिखलपाणी आत जाते. सील दिसायला बांगडीएवढे, पण त्याच्या हलगर्जीने सबंध गिअरपेटी झिजते.

जुन्या यंत्राचे सामान मिळत नाही असे सर्व जण सांगतात. माझा अनुभव असा की, पुष्कळसे मिळते, मात्र जुना भाग फेकू नये. बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. तो आकडा सांगितला की कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते, टिलर कोणत्या सालचा ते विचारीतही नाहीत. ६२०५ म्हटले की आतून पंचवीस, बाहेरून बावन्न आणि जाडीला पंधरा मिलिमीटर, जगात कोठेही तेच. सीलचेही तसेच, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. पट्ट्यांवरही नंबर छापलेला असतो. आमच्या टिलरला इंजिनाकडून क्लचकडे जाणारे तीन पट्टे आहेत. त्यांपैकी एकच चिरला होता म्हणून मी एकच आणायला निघाले. मिस्त्री म्हणाले, "तिन्ही बदला. जुने ताणून सैल झालेले असतात. एकच नवा घातलात तर सगळा भार त्याच्यावर येतो." मी म्हटले, कळले, एकत्र कुटुंबात नव्या सुनेचे होते तसे!

नोझल बसवायचे आणि इंजिन सुरू करायचे एवढेच राहिले असताना २०२० चा मार्च आला आणि टाळेबंदी लागली. मिस्त्री येऊ शकत नव्हते. पाऊस मात्र कोणासाठी थांबत नाही. यजमान घरी अडकले होते, मुलगा बारावीत होता. मिस्त्री फोनवरून सांगत आणि आम्ही करीत असू.

डिझेलच्या नळीत हवा राहिली तर इंजिन कधीच लागत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, 'एअर धरली'. ती काढण्याची रीत साधी आहे. टाकीची तोटी उघडायची, फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा. आधी फेस येतो, बुडबुडे येतात. निव्वळ डिझेल वाहू लागले की स्क्रू आवळायचा. मग पंपाकडचा, मग नोझलजवळची नट. हँडल फिरविताना नोझलमधून कट्ट-कट्ट असा आवाज आला की समजावे, आता पेटेल. मी फोन इंजिनाजवळ धरला आणि मिस्त्रींनी तिकडून तो आवाज ऐकून सांगितले, "झाले. आता सगळी तेले भरा आणि मारा हँडल."

येथे माझ्या हातून चूक झाली. हवेच्या फिल्टरात खाली तेलाची वाटी असते. हवेतली धूळ त्या तेलात धरली जाते. वाटीला आतून खूण असते. मला वाटले, समईत जसे भरपूर तेल घालावे तसे येथेही काठोकाठ घालावे. जास्त घातल्याने काय बिघडणार?

मुलाने हँडल मारले. इंजिन लागले. सासूबाईंनी पडवीतून हात जोडले. पाच-दहा क्षण गेले असतील, आणि इंजिनाचा वेग आपोआप वाढू लागला. यजमानांनी रेस कमी केली, काही नाही. डिझेलची तोटी बंद केली, तरी वेग वाढतच चालला. धुराड्यातून निळापांढरा धूर मावेना. टिलर जागच्या जागी नाचू लागला, आणि तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. ते डिझेलवर चालतच नव्हते. वाटीतले जास्तीचे तेल हवेबरोबर ओढून ते त्यावर धावत होते. मुलगा जवळ जायला निघाला, त्याला यजमानांनी मागे खेचले. तेवढ्यात मला मिस्त्रींचे एक वाक्य आठवले. "वहिनी, डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, पण वारा लागतो." दाराशी ओले पोते पडले होते. ते मी बसायच्या पाटाला गुंडाळले आणि बाजूने जाऊन हवेच्या तोंडावर दाबून धरले. इंजिन घुसमटले, दोन हिसके दिले आणि थांबले.

नंतर माझे पाय असे लटपटले की मी तेथेच शेणींवर बसले. मिस्त्री फोनवर म्हणाले, "थोडक्यात वाचलात. अजून थोडा वेळ चालले असते तर आतला दांडा तुटून बाहेर आला असता. आणि तोंडावर हात कधी धरू नका, हात ओढला जातो." संध्याकाळी मी वही चाळली. एका पानावर मामंजींनी लिहिलेले होते, 'हवेच्या वाटीत तेल खुणेपर्यंतच.' त्याखाली दोन रेघा ओढलेल्या. मी ते पान वाचले होते, पण मनावर घेतले नव्हते. वाटी रिकामी करून खुणेइतके तेल घातले, दुसऱ्या दिवशी पुन्हा हँडल मारले, आणि इंजिन संथ चालू लागले. त्या वर्षी आमची लावणी वेळेवर झाली. खालचे तीन कुणगेसुद्धा हिरवे झाले.

आता आपल्यापैकी ज्यांच्या घरी टिलर किंवा पाण्याचे जुने इंजिन आहे त्यांच्यासाठी रोजची काळजी सांगते. सकाळी हँडल मारण्याआधी पाच गोष्टी बघाव्या. इंजिनाचे तेल पट्टीवर खुणांच्या मध्ये, रेडिएटरात पाणी, टाकीत डिझेल, पट्ट्यांचा ताण आणि पात्यांचे बोल्ट. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर बोटाच्या जाडीइतका खाली जावा. अधिक गेला तर घसरतो, मुळीच गेला नाही तर बेअरिंग खातो. डिझेल आपण वस्त्रगाळ करायला जातो. मीही जुन्या लुगड्याने गाळले, आणि सुताचे दोरे फिल्टरात अडकले. त्यासाठी बारीक जाळीचे नरसाळेच हवे.

धुरावरून यंत्राची प्रकृती कळते. धूर काळा असेल तर यंत्रावर भार फार आहे किंवा हवेचा फिल्टर तुंबला आहे. निळा असेल तर ते तेल जाळीत आहे. सुरू करताना थोडा पांढरा असतो, पण इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला तर डिझेल नीट जळत नाही, नोझल दाखवावे. तेल बदलण्याचे तास यंत्राच्या पुस्तकात दिलेले असतात. आम्ही शंभर तासांनी बदलतो.

पावसाळी काम संपले की यंत्र तसेच मांगरात ढकलू नये. चिखल धुवावा, पाती सोडवून तेल लावावे, सगळीकडे ग्रीस भरावे. डिझेलची टाकी भरून ठेवावी, रिकामी ठेवली तर आत दव धरते आणि गंज येतो. पट्टे सैल सोडावे, चाकांखाली फळ्या घालाव्या. शेवटी हँडल हाताने फिरवून दट्ट्या दाबावर आणून ठेवावा, म्हणजे आतली दोन्ही दारे मिटलेली राहतात आणि दमट हवा आत जात नाही. धुराड्याच्या तोंडाला पत्र्याचा डबा उपडा घालावा, कुंभारमाशीला जागा ठेवू नये. सुरू करायच्या वेळी तो काढायला मात्र विसरू नये.

आता बायकांसाठी म्हणून मुद्दाम सांगते. पदर खोचून वर जाड सदरा घालावा, गळ्यातले आत टाकावे, केस बांधावे. पट्ट्यावरचा पत्रा काढून इंजिन कधी चालवू नये. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, उलटा झटका बसला तर मनगट वाचते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. बंद मांगरात इंजिन चालवू नये, त्या धुराने माणूस गुदमरून मरते. मागे घेताना रोटरी आधी बंद करावा, कारण पाती आपल्याच पायाशी असतात.

आणि आपल्या उताराच्या जमिनीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सपाटीवर डावी मूठ दाबली की टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतारावर उतरताना मात्र डावी दाबली तर तो उजवीकडे जातो! कारण सुटलेले चाक उतारावर अधिक पळते. तेथे मुठी दाबूच नयेत, हळू गिअरात मुठींना धरूनच दिशा द्यावी. म्हणून वरच्या कुणग्यांत आमचा मुलगा चालवितो, खालच्या सपाटीवर मी चालविते. चारशे किलोचे यंत्र आहे. आपली ताकद ओळखून वागण्यात कमीपणा नाही.

पहिल्या वर्षी शेजारच्या एका आजींनी मला बांधावरून विचारले होते, "बाये, ह्या काय बायकांचा काम?" मी तेव्हा काही बोलले नाही. गेल्या वर्षी त्यांच्याच नातवाच्या टिलरने एअर धरली, तेव्हा मला बोलावणे आले. काम झाल्यावर आजींनी मला चहा दिला आणि स्क्रू कोणता तो मला पुन्हा दाखव म्हणाल्या. आता नातू नसला तर त्या स्वतः दुसऱ्याला सांगतात.

दुरुस्तीला आम्हाला एकंदर साडेअकरा हजार लागले. भंगाराचे आठ हजार मिळाले असते, हे खरे. पण तेव्हापासून आमचा एकही कुणगा पड राहिलेला नाही, आणि तरवा जून झालेला नाही. आमच्या कामातून सवड झाली की वाडीतल्या चार घरांची चिखलणीही होते.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या वाडीत मला ठाऊक असलेले असे आणखी दोन टिलर मांगरांत पडून आहेत. त्यांच्या घरचे पुरुष परगावी आहेत. वैशाखात एक दिवस ठरवून आपण ते बाहेर काढू या. मंडळाने पान्यांचा एक संच, एक ग्रीसगन आणि जाळीचे नरसाळे सामायिक घ्यावे. मिस्त्री आता थकले आहेत, पण खुर्चीवर बसून सांगायला यायचे त्यांनी कबूल केले आहे. आणि प्रत्येक टिलरमागे एक शंभर पानी वही मी माझ्यातर्फे देईन.

मामंजींची वही भरली. तिच्या शेवटच्या पानावर त्यांच्या पेन्सिलीखाली माझे अक्षर आहे. दुसरी वही सुरू केली, तिच्या पहिल्या पानावर मी त्यांचेच वाक्य उतरून काढले, 'हवेच्या वाटीत तेल खुणेपर्यंतच', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.